नावाचे कूळ, नावाचे खोत

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या विद्यापीठात एका पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा होती. विषय मराठीतील लघुअनियतकालिकांचा, संशोधक विद्यार्थिनी कष्टाळू, प्रबंध जाडजूड. बाहेरून आलेले परीक्षक नव्या चालीचे, म्हणजे तळटीप नुसती वाचून न थांबता ती उघडून पाहणारे. त्यांनी चौथ्या प्रकरणातील एका तळटीपेतला दुवा समोरच्या संगणकावर दाबला. भिंतीवरच्या पडद्यावर एका दिवंगत कवी-संपादकाची मुलाखत उमटायला हवी होती. उमटल्या त्या लाल-सोनेरी रंगात गरगरणाऱ्या चकत्या, नाण्यांचा पाऊस आणि इंडोनेशियन भाषेतले जुगाराचे आमंत्रण. सभागृह हसले. परीक्षकही हसले. विद्यार्थिनी हसली नाही. शेवटच्या रांगेत बसलेले आम्ही तिघेही हसलो नाही, कारण ते संकेतस्थळ आमचे होते. 'होते' हा भूतकाळ आम्ही येथे जाणीवपूर्वक वापरीत आहोत.

हे संकेतस्थळ आम्ही २००४ साली सुरू केले. तेव्हा आम्ही नुकतेच नेट-सेटच्या फेऱ्यातून सुटून तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. मानधन तुटपुंजे आणि उत्साह अमाप. ज्या मंडळींनी साठ-सत्तरच्या दशकांत सायक्लोस्टाइलच्या शाईने हात काळे करून, पदरमोड करून, अंक टपालाने पाठवून मराठी कवितेची भाषा बदलली, ती एकेक करून जाऊ लागली होती. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर घेऊन जायचे, त्यांना बोलते करायचे आणि ते सारे उतरवून काढायचे, हा उद्योग आम्ही आठ वर्षे केला. चौतीस मुलाखती, अकरा अनियतकालिकांच्या अंकवार सूची, काही मुखपृष्ठांची छायाचित्रे आणि दोन संपादकांचा परस्परांना यथेच्छ शिव्या घालणारा पत्रव्यवहार (वारसांच्या परवानगीने) एवढा ऐवज तेथे जमला होता. छापायला प्रकाशक मिळाला नाही म्हणून तो जालावर गेला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, आमच्या एका माजी विद्यार्थ्याने घेतले. बी.ए.ला मराठी घेतलेला, पण संगणकात गती असलेला हा मुलगा. "सर, ते मी बघतो," एवढेच तो म्हणाला आणि पुढची अठरा वर्षे त्याने ते पाहिले. दरवर्षीचे पैसे स्वतः भरले, कधी मागितले नाहीत. आम्हीही कधी विचारले नाही. मराठी माणसाला पैशांविषयी विचारणे अवघड जाते, आणि न विचारणे फार सोपे जाते.

तो पुढे अमेरिकेत गेला. नाव नोंदवताना दिलेला ईमेल त्याच्या पहिल्या नोकरीतला होता, तो केव्हाच मेलेला. ज्या कार्डावरून पैसे आपोआप वळते होत, त्या कार्डाची मुदत संपली. २०२२ च्या ऑक्टोबरात आमच्या नावाचीही मुदत संपली. रजिस्ट्रार कंपनीने नियमानुसार सूचना पाठवल्या असतील, त्या त्या मृत पत्त्यावर पोचल्याही असतील. दिवाळीच्या सुट्टीत संकेतस्थळाच्या जागी जाहिरातींचे एक पान दिसू लागले. आम्ही उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत होतो. 'सर्व्हर बसला असेल' अशी समजूत करून घेऊन गप्प राहिलो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौकशी केली तेव्हा कळले की नाव लिलावात आहे. दंडासह पैसे भरून ते अजून सोडवता येईल, पण फक्त खातेदाराला. खातेदाराने ओळख पटवावी. आमच्या विद्यार्थ्याने न्यू जर्सीहून वाहन-परवान्याची प्रत धाडली. ती नामंजूर झाली. का? तर २००४ साली त्याने आपले नाव आपल्या शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे लिहिले होते: आधी आडनाव, मग स्वतःचे, मग वडिलांचे. परवान्यावर क्रम उलटा. फेरतपासणीला बहात्तर तास लागतील असे संवादखिडकीतल्या मदतनिसाने कळवले, आणि 'तुमची भावना आम्ही समजू शकतो' हे वाक्य तीनदा लिहिले. त्या बहात्तर तासांत लिलाव आटोपला. पुढे एका दलालामार्फत नव्या मालकाला विचारले, तेव्हा पावणेदोन हजार डॉलर मागितले गेले, म्हणजे दीड लाखाच्या घरात. प्राध्यापकांना सातवा वेतन आयोग मिळतो हे खरे, पण मराठी कवितेच्या सूचीसाठी जुगारवाल्याला खंडणी द्यावी एवढी त्याची मजल जात नाही.

(रजिस्ट्रार या शब्दावरून एक जाता जाता. आम्हां विद्यापीठीय जनांच्या डोळ्यांसमोर या शब्दाने कुलसचिव उभे राहतात: फाइल अडवणारे, सही टाळणारे. पण त्यांच्या दालनाबाहेर निदान बाकडे तरी असते, बसून राहता येते. या नव्या रजिस्ट्रारांना दालनच नाही.)

ही हकिगत आम्ही ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतल्या बहुतेकांचे, विशेषतः तंत्रज्ञ मित्रांचे उत्तर एकच होते. चूक तुमची. आठशे-हजार रुपयांचे काम, वर्षातून एकदा करायचे, तेही तुम्हांला जमत नाही. आणि दोष व्यवस्थेला? या उत्तराशीच आमचे भांडण आहे. आमच्या हलगर्जीपणाचा आम्ही पुढे समाचार घेणारच आहोत, त्यात कसूर करणार नाही. पण हलगर्जीपणाला शिक्षा किती असावी, ती कोणी द्यावी, आणि त्या शिक्षेतून शिक्षा देणाऱ्याने नफा कमवावा काय, हे प्रश्न 'चूक तुमची' या दोन शब्दांनी मिटत नाहीत. वीजबिल थकले तर वीज तोडतात, घर विकून टाकीत नाहीत.

शिवाय, चुकते कोण? १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट ही जगातली बलाढ्य कंपनी आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे नवीकरण करायला विसरली आणि हॉटमेल वापरणाऱ्या कित्येकांना आपली पत्रे उघडेनात. तेव्हा अमेरिकेतल्या एका लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून पस्तीस डॉलर भरून टाकले आणि सेवा पूर्ववत झाली. २००३ मध्ये त्याच कंपनीचे ब्रिटनमधले हॉटमेलचे नाव असेच निसटले. २०१० मध्ये डॅलस काउबॉइज या कोट्यधीश फुटबॉल संघाचे संकेतस्थळ ऐन हंगामात मुदत संपून बंद पडले. या सर्वांना त्यांची नावे परत मिळाली. विसरभोळेपणा सार्वत्रिक आहे. परिणाम मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे होतात. मायक्रोसॉफ्टच्या कथेतला आम्हांला भावलेला भाग निराळाच आहे: त्या काळी कोणीही परका माणूस दुसऱ्याचे थकलेले बिल भरू शकत होता, आणि भरल्याने नाव त्याचे होत नसे. आज आमच्यासाठी पैसे भरायला आम्ही स्वतः उभे होतो, तरी आम्हांला ते भरता आले नाहीत.

हा बाजार मुळात बाजार नव्हता, हे नव्या पिढीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांच्या या व्यवस्थेची रचना केली, १९८५ मध्ये पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले, आणि नोंदणीला पुढे दहा वर्षे एक पैसा पडत नसे. ग्रंथालयात दाखलनोंद करावी तसे ते काम होते. सप्टेंबर १९९५ पासून नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने अमेरिकी सरकारच्या संमतीने दोन वर्षांचे शंभर डॉलर घ्यायला सुरुवात केली. १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली, १९९९ पासून अनेक रजिस्ट्रारांना परवाने मिळाले, स्पर्धा आली, दर उतरले. येथवर तक्रारीला जागा नाही. पण दाखलनोंद करणारा कारकून आता दुकानदार झाला होता, आणि दुकानदाराच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही की नोंदणीपेक्षा विस्मरणात अधिक पैसा आहे.

भाषेचे शिक्षक म्हणून या व्यवहाराच्या भाषेकडे आमचे लक्ष जाणे अपरिहार्य होते. नाव घेताना प्रत्येक संकेतस्थळावर क्रियापद 'विकत घ्या' हेच असते. 'तुमच्या नावाचे मालक व्हा.' करारपत्र उघडावे तर मालकी हा शब्द दिसत नाही; एक ते दहा वर्षांच्या मुदतीची नोंदणी तेवढी दिसते. जाहिरातीत मालक, करारात भाडेकरू. मुदत संपल्यावर सुरू होतो तो 'ग्रेस पीरियड', कृपेचा काळ. तो संपून नाव काढून टाकले की तीस दिवसांचा 'रिडेम्प्शन'. इंग्रजी वाङ्मयाच्या आमच्या सहकाऱ्यांना या शब्दाने चर्च आठवेल, पापविमोचन आठवेल. आम्हांला पेढी आठवते, गहाण पडलेली पाटली आठवते. डॉट कॉम नावासाठी मूळ नोंदवही सांभाळणारी कंपनी या सोडवणुकीचे रजिस्ट्रारकडून चाळीस डॉलर घेई. गिऱ्हाइकाकडून रजिस्ट्रार किती घेतो ते त्याच्या मर्जीवर. आणि हे मर्जीचे आकडे दंड म्हणून कधीच मांडले जात नाहीत, 'सेवाशुल्क' म्हणून मांडले जातात. सावकाराने व्याजाला दक्षिणा म्हणावे तसे.

सावकार म्हटले खरे, पण नेमकी उपमा खोताची आहे. कोकणातला खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला. जमीन त्याची नव्हे, कसणाराही तो नव्हे. वसुलीचा हक्क तेवढा त्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले आणि ती प्रत्यक्षात १९४९ च्या कायद्याने गेली. त्याआधीच्या वर्षी कूळकायदा आला, आणि कसेल त्याची जमीन हे तत्त्व १९५७ च्या कृषकदिनापासून निदान कागदावर तरी उतरले. नावाच्या या जमिनीत कसणारा कोण? २००४ साली आमचे नाव कोणी फुकट दिले असते तरी घेतले नसते. अठरा वर्षांत त्याला जे मोल आले ते चौतीस म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींनी आले, प्रबंधांतल्या तळटीपांनी आले, इतर संकेतस्थळांनी विश्वासाने दिलेल्या दुव्यांनी आले. जुगारवाल्याने अक्षरे विकत घेतली नाहीत. शोधयंत्रांच्या लेखी त्या अक्षरांची जी पत होती ती घेतली. ती पत आमची, लिलावाचा पैसा खोताचा.

आणि खोताच्या वर सरकार आहेच. डॉट कॉमची नोंदवही व्हेरिसाइन या एकाच कंपनीच्या ताब्यात आहे. तीत पंधरा कोटींहून अधिक नावे आहेत. रजिस्ट्रारकडून ती प्रत्येक नावामागे जे घेते ते २०१२ मध्ये ७.८५ डॉलर होते. काही वर्षे ते गोठवलेले होते, मग २०२१ पासून चार वेळा वाढून सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाले. तिचा स्वतःचा करार मुदतीचा आहे, पण त्यात नवीकरण गृहीत धरलेले असते; खुल्या निविदा निघत नाहीत. २०२४ च्या अखेरीस तो आणखी सहा वर्षांसाठी असाच पुढे गेला. ज्या व्यवस्थेत कुळाचे विस्मरण एका महिन्यात भोवते, त्याच व्यवस्थेत सरकारच्या हक्काला विस्मरणाची बाधाच होऊ नये अशी तजवीज आहे. डॉट ऑर्गचे उदाहरण तर ताजे म्हणावे असे. साहित्यसंस्था, ग्रंथालये, चळवळी यांचे हे आवडते घर. २०१९ च्या जूनमध्ये, हजारो हरकती येऊनही, त्याच्या दरांवरची मर्यादा उठवली गेली आणि नोव्हेंबरात ती सारी नोंदवही एका खासगी गुंतवणूक कंपनीला १.१३५ अब्ज डॉलरना विकण्याचे ठरले. जगभर आरडाओरडा झाल्यावर ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने संमती नाकारली, म्हणून तो सौदा फिसकटला. कुळांना विचारून नव्हे, हे सांगायला नको. २०२३ मध्ये गुगलने आपला डोमेन-व्यवसाय स्क्वेअरस्पेसला विकला तेव्हा सुमारे एक कोटी नावे एका खोताकडून दुसऱ्याकडे गेली. इनाम गाव बदलावे इतक्या सहजपणे.

नियम नाहीत असे नाही. आयकॅनचे मुदतबाह्य नावांविषयीचे धोरण ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे. मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी एक सूचना, आठवडाभर आधी दुसरी, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत तिसरी. शिवाय नाव काढून टाकण्यापूर्वी किमान आठ दिवस संकेतस्थळ बंद ठेवायचे, म्हणजे झोपलेला धारक जागा होईल. वाचायला किती दयाळू! पण सूचना पाठवली की कर्तव्य संपले; ती पोचली काय, वाचली गेली काय, हे पाहण्याचे बंधन नाही. आणि सर्वांत मोठी मेख अशी की तीस दिवसांची ती सोडवणूक लागू होते ती नोंदवहीतून काढून टाकलेल्या नावाला. मग चतुर रजिस्ट्रार नाव काढून टाकतोच कशाला? मुदत संपल्यावर तीन-चार आठवड्यांतच तो ते लिलावात ठेवतो, बोली लागली तर नाव न काढता परस्पर नव्या माणसाच्या नावे करतो, आणि करारपत्रातले एक कलम तसे करण्याची मुभा त्याला आधीच देऊन ठेवते. विमोचनाचा काळ येतच नाही. पाटली मोडीत जाते आणि पावती म्हणते की गहाण कधी पडलीच नव्हती.

या लिलावांचे पावित्र्य तरी कितपत? स्नॅपनेम्स या अमेरिकी लिलाव कंपनीने २००९ मध्ये स्वतःच जाहीर केले की तिच्याच एका कर्मचाऱ्याने २००५ पासून खोट्या नावाने बोली लावून किमती चढवल्या होत्या. त्याआधी, २००७ मध्ये, रजिस्टरफ्लाय या रजिस्ट्रारचा कारभार इतका बिघडला की पैसे भरलेल्या लोकांचीही नावे गेली आणि आयकॅनला त्याचा परवाना रद्द करावा लागला. त्यानंतर गिऱ्हाइकांच्या नोंदींची प्रत तिसऱ्याच्या स्वाधीन ठेवण्याची सक्ती कडक झाली. म्हणजे सुधारणा होतात. घर जळाल्यावर होतात, एवढेच.

दाद मागावी तर कोठे? १९९९ पासून डोमेनविषयक तंट्यांसाठी एक लवाद-पद्धत आहे. तिच्यात जिंकायचे तर त्या नावात तुमचे व्यापारचिन्ह असावे लागते, आणि जिनिव्हाच्या बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादाचे शुल्कच दीड हजार डॉलर आहे. कवितेच्या अनियतकालिकाने व्यापारचिन्ह नोंदवावे ही कल्पना 'शब्द' सायक्लोस्टाइल करणाऱ्यांना कोणी ऐकवली असती तर त्यांनी काय उत्तर दिले असते याची कल्पना वाचकांनी करावी; आम्ही ते येथे छापू शकत नाही. नवा मालक कोण हेही कळायला मार्ग नाही. २०१८ मध्ये युरोपातला खासगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून नोंदवहीतली नावे-पत्ते झाकले गेले आहेत. खासगीपणाला आमचा विरोध नाही. पण झाकण कूळ आणि चोर या दोघांवर सारखेच पडले.

येथे कोणी म्हणेल की इंटरनेट अर्काइव्हमध्ये जुनी पाने असतात, मग एवढा शोक कशाला? असतात, आणि त्या संस्थेचे ऋण आम्ही मानतो. पण तेथेही गंमत पाहावी. अनेक वर्षे असा रिवाज होता की एखाद्या नावाच्या चालू मालकाने 'यंत्रांनी येथे फिरकू नये' अशी खूण केली की त्या नावाखालचा सारा पूर्वेतिहासही अर्काइव्हमधून दिसेनासा होई. नवा भाडेकरू आला आणि त्याने मागच्याचे श्राद्धसुद्धा बंद पाडले, असा प्रकार. २०१७ मध्ये अर्काइव्हने हा रिवाज सोडण्याचा मनोदय जाहीर केला. आमची पाने तेथे सापडतात, निम्मीअर्धी. त्यांतही २००८ पूर्वीची पाने युनिकोडमध्ये नव्हती, त्या काळच्या एका खासगी टंकात होती. तो टंक आज कोणत्याही न्याहाळकात उमटत नाही. त्या पानांवर आता दिसते ती रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी. सतरा मुलाखती अशा खिचडीत आहेत. नावाचा बाजार आणि टंकांचा बाजार या दोघांनी मिळून एका माणसाचे बोलणे गिळले.

हे दुखणे केवळ आमच्यासारख्या अडाण्यांचे नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती अलिटो यांनी २०११ सालच्या व्हिडिओ खेळांच्या खटल्यात आपल्या मतपत्राच्या तळटीपेत एका संकेतस्थळाचा दुवा दिला होता. नावाची मुदत संपली, कोणा मिश्किलाने ते घेतले आणि तेथे खुद्द न्यायमूर्तींना चिमटा काढणारा मजकूर टाकला: हे पान तुम्ही उद्धृत केले नाहीत हे बरेच झाले, नाहीतर असेच झाले असते, अशा आशयाचा. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१३-१४ मध्ये तपासले तेव्हा त्या न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या दुव्यांपैकी निम्मे मूळ आशयापर्यंत पोचत नव्हते. प्यू संस्थेने २०२४ मध्ये सांगितले की २०१३ साली असलेल्या जालपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनंतर उघडत नाहीत. ही सगळी मुदतीचीच गळती नव्हे, हे मान्य. पण गेलेले पान रिकामे दिसले तर वाचक हळहळतो. त्याच पत्त्यावर जुगार दिसला तर वाचक लेखकाकडे संशयाने पाहतो. आमच्या विद्यार्थिनीकडे तसे पाहिले गेले. परीक्षकांनी अहवालात 'संदर्भांची विश्वसनीयता तपासावी' असे एक वाक्य घातले. ते वाक्य तिच्या नावावर आहे, जुगारवाल्याच्या नाही.

आता घरची झाडलोट. आमच्या महाविद्यालयीन जगात संकेतस्थळ हे नॅकची समिती यायच्या आधी रंग देण्याच्या भिंतींपैकी एक असते. ते बांधायला दिले जाते एका स्थानिक संगणकवाल्याला, तो नाव नोंदवतो स्वतःच्या नावे, आणि तीन वर्षांनी त्याचे बिल थकले की महाविद्यालयाचा पत्ता त्याच्या खिशात असतो. एसी डॉट इन ही नावे अर्नेटकडून मिळतात, कागदपत्रे लागतात, म्हणून प्राचार्यांना त्यांचा कंटाळा. साहित्यसंस्थांचे तर विचारू नये. शतकमहोत्सव साजरे करणाऱ्या संस्थांचे पत्ते अध्यक्षांच्या पुतण्याच्या ईमेलवर चालतात; निवडणुकीत पॅनेल पडले की पुतण्याही जातो. संशोधनपत्रिकांचा प्रकार याहून गंभीर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केअर यादीच्या काळात, ती २०२५ मध्ये बंद होईपर्यंत, बनावट 'जुळ्या' पत्रिकांची एक वेगळी यादी ठेवावी लागली होती. अशा पत्रिका उभ्या राहण्याचा एक राजमार्ग म्हणजे खऱ्या पत्रिकेचे मुदत संपलेले नाव उचलणे. २०१५ मध्ये 'सायन्स'च्या एका पत्रकाराने हा उद्योग उघड केला, आणि तो किती सोपा आहे हे दाखवायला स्वतःच एका पत्रिकेचे नाव उचलून दाखवले. पदोन्नतीसाठी धावणारा आमचा सहकारी त्या जुळ्या पत्रिकेत पैसे भरून लेख छापतो, आणि मूळ पत्रिकेचे संपादक एका विसरलेल्या बिलाची किंमत मोजत बसतात.

आणि आम्ही स्वतः? अठरा वर्षे तीन प्राध्यापकांनी एका मुलाच्या खिशातून साहित्यसेवा केली. ज्या माणसांच्या मुलाखती घेतल्या त्यांनी बायकोच्या पाटल्या मोडून अंक काढल्याच्या कथा आम्ही भक्तिभावाने उतरवून घेतल्या, आणि वर्षाला हजार रुपये कोण भरतो हे विचारले नाही. हे लिहिताना शरम वाटते. 'ते मी बघतो' म्हणणाऱ्या त्या मुलाने आमची माफी मागितली, हे त्याहून वाईट.

पण शरमेने धोरण होत नाही. 'दर्पण' १८४० साली बंद पडले. त्यानंतर बाळशास्त्र्यांच्या जुन्या अंकांच्या पानांवर कोणी सट्ट्याच्या जाहिराती छापू शकला नाही, कारण छापलेला अंक वर्गणीदाराच्या घरी गेला की त्याचे नाव आणि त्याचा मजकूर यांची फारकत होत नसे. १८६७ च्या कायद्याने परक्या सरकारने, आमच्यावर नजर ठेवण्यासाठी का होईना, छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवली. १९५४ च्या कायद्याने स्वदेशी सरकारने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना प्रत देणे बंधनकारक केले. शं. ग. दाते यांना १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची करता आली ती पुस्तके कोठेतरी टिकली होती म्हणून. जालावरच्या मराठीचे दाते उद्या जन्माला आले तर त्यांनी कोणत्या कपाटापुढे उभे राहावे? ब्रिटनने २०१३ मध्ये संकेतस्थळांनाही ग्रंथालय-प्रतीचा कायदा लागू केला. आपल्याकडे २०१४ मध्ये देवनागरीत 'डॉट भारत' आले, समारंभ झाला; त्या नावाखाली जे लिहिले जाईल त्याची प्रत कोणी ठेवावी याचा विचार समारंभात झाला नसावा.

मागणी फार मोठी नाही. मुदत संपलेले नाव सोडवणुकीचे पूर्ण तीस दिवस उलटल्यावाचून कोणाही रजिस्ट्रारला लिलावात ठेवता येऊ नये, आणि ठेवलेच तर बोलीचा पैसा त्याच्या खिशात जाऊ नये. विस्मरणात नफा उरला नाही की सूचना आपोआप पोचू लागतील. डॉट इन आणि डॉट भारत यांचे नियम निक्सीच्या हाती आहेत, म्हणजे आपल्याच सरकारच्या कक्षेत. तेथे आरंभ करायला आयकॅनची वाट पाहण्याचे कारण नाही. विद्यापीठांनी मराठी विभागांच्या आणि पत्रिकांच्या नावांची नोंदणी संस्थेच्या नावे, पदाच्या ईमेलवर, दहा वर्षांसाठी करावी. हा खर्च एका चर्चासत्राच्या शाल-श्रीफळाहून कमी आहे. कुलसचिवांना या निमित्ताने रजिस्ट्रार या पदवीचा आणखी एक अर्थ कळेल.

आम्ही नवे नाव घेतले आहे. आमच्यापैकी एकीच्या घरच्या माळ्यावर मूळ कॅसेटींचे खोके आहे. तिघींचे आवाज बुरशीने गेले, बाकी ऐकू येतात. सतरा मुलाखती पुन्हा उतरवून काढायच्या आहेत, सहा झाल्या. विद्यार्थिनीला पदवी मिळाली. प्रबंध ग्रंथरूपाने काढताना त्या तळटीपेचे काय करायचे, हे विचारायला ती मागच्या महिन्यात आली होती. जुना पत्ता तसाच ठेवावा, पुढे पाहिल्याची तारीख द्यावी, आणि कंसात लिहावे: हा पत्ता उघडू नये.